घरघर नेमकी कोणत्या चाकाची?

पावसाळा सरला आणि दिवाळी उलटली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास वाढते. गाडीने वेग घेतला की खालून घुमल्यासारखा आवाज येतो आणि तो कुठून येतो ते काही केल्या कळत नाही. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर देताना जागा अंमळ जास्त लागली आहे, कारण इतर अनेकांच्या शंका त्यातच सामावलेल्या आहेत.

प्रश्न : माझ्याकडे दहा वर्षांपूर्वीची छोटी पेट्रोल गाडी आहे आणि ती ८६,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या जुलैमध्ये रस्त्यावर साचलेल्या गुडघाभर पाण्यातून ती दोन-तीनदा काढावी लागली. तेव्हा काही झाले नाही. मात्र दिवाळीपासून ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर घरघर ऐकू येते. मला ती पुढच्या डाव्या चाकातून येते असे वाटते, तर मागे बसणारी माझी पत्नी ती मागूनच येते असे ठामपणे सांगते. गॅरेजवाल्याने गाडीची एक फेरी मारून ‘चारही बेअरिंग गेली आहेत’ असा निकाल दिला. गाडीसोबत मिळालेला जॅक आणि पाना एवढ्याच साधनांवर घरी खात्री करून घेता येईल का?
— एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : येईल, आणि करून घ्यावीच. चारही बेअरिंग, म्हणजे चाक मोकळे फिरू देणारी छर्‍यांची कडी, एकाच वेळी जाणे अशक्य नसले तरी क्वचितच घडते. एका फेरीत चारही चाकांचे निदान करणारे कान मला तरी आजवर भेटलेले नाहीत.

आधी पाण्याविषयी लिहितो, कारण आपल्या पत्रातला सर्वांत बोलका तपशील तोच आहे. चाक फिरत असताना हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) तापते आणि बेअरिंगच्या आतली हवा प्रसरण पावते. असे तापलेले हब अचानक थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलच्या रबरी ओठाखालून थोडे पाणी आत ओढले जाते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. ते पाणी ग्रीसमध्ये मिसळून ग्रीस दुधाळ होते, छर्रे ज्या वाटेवरून धावतात त्या वाटेवर गंजाचे बारीक ठिपके पडतात आणि पुढच्या काही महिन्यांत त्या ठिपक्यांचे खड्डे होतात. जुलैतले पाणी दिवाळीत बोलू लागले ते यामुळे. तेव्हा बेअरिंगवरचा संशय रास्त आहे, पण संशय म्हणजे निदान नव्हे.

पहिली तपासणी गाडी न उचलता, चालवतानाच करायची असते. घरघर करणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन, टायर आणि बेअरिंग, आणि दोघांचा सूर इतका सारखा असतो की भलेभले फसतात. मी स्वतः एकदा बेअरिंग बदलून घेऊन पुन्हा तोच आवाज ऐकत घरी आलो आहे. दोष झिजलेल्या टायरांचा होता. टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर तो चढतो आणि नव्या, गुळगुळीत डांबरावर आल्याबरोबर निम्म्यावर येतो. बेअरिंगला रस्ता कोणता याच्याशी देणेघेणे नसते, त्याचा आवाज फक्त वेगाबरोबर वाढतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगात असताना क्लच दाबून पाहावे. इंजिनाचे फेरे उतरले तरी घरघर तशीच राहिली, तर इंजिन त्यातून सुटले. मात्र या प्रयोगात चावी कधीही बंद करू नये, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकते आणि ब्रेकला मिळणारी मदतही संपते.

यानंतरची कसोटी वळणाची. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर जातो. उजव्या वळणावर आवाज वाढत असेल आणि डाव्या वळणावर दबत असेल, तर बहुतेक वेळा दोषी बेअरिंग डाव्या बाजूचे असते. उलट असेल तर उजव्या बाजूचे. आपल्याला कुंभार्ली घाट जवळ आहे, पण ही परीक्षा घाटात होत नाही. तिथे वळणे भरपूर असली तरी वेग इतका कमी असतो की घरघर उठतच नाही. रहदारी नसलेल्या महामार्गावरचे लांब, पसरट वळण यासाठी उत्तम. वळणामुळे बाजू कळते, पण पुढचे चाक की मागचे हे कळत नाही, कारण गाडीचा पत्रा आवाज कुठून कुठेही वाहून नेतो. आपण आणि आपल्या पत्नी दोघेही आपापल्या जागेवरून प्रामाणिक आहात, एवढेच त्यातून सिद्ध होते.

घरी आल्यावर टायरवरून तळहात फिरवावा, आधी पुढून मागे आणि मग मागून पुढे. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे टोचले, किंवा ठरावीक अंतरावर उंचवटे लागले, तर घरघर टायरची असण्याचा संभव मोठा आहे. त्याच बाजूचे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून पाहणे ही पुढची पायरी. आवाज टायरसोबत जागा बदलतो की जिथे होता तिथेच राहतो, यावरून निवाडा होतो. चाके काढण्याचा सराव व्हावा म्हणूनही हा खटाटोप मी सुचवतो.

आता गाडी उचलण्याविषयी. जागा सपाट आणि टणक हवी. अंगणात माती किंवा वाळू असेल तर जॅकखाली जाड फळी घालावी. जॅक कुठे लावायचा हे गाडीच्या पुस्तकात चित्रासह दिलेले असते. बहुतेक छोट्या गाड्यांत दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेला दोन खाचा असतात आणि जॅकचे डोके त्या दोन खाचांच्या मधोमध बसवायचे असते. चाक पूर्ण काढायचे असल्यास नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यावेत, कारण उचललेल्या गाडीवर पान्याला जोर लावला की ती जॅकवरून घसरू शकते.

पुढचे चाक तपासताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर चाक फिरणारच नाही. म्हणून हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावावी. मागचे चाक तपासताना नेमके उलटे असते. हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि उट्या पुढच्या चाकांना लावाव्यात. या अदलाबदलीचा विसर पडूनच अंगणातली गाडी सरकते. लाकडी ठोकळा नसेल तर चिऱ्याचा तुकडाही उटी म्हणून चालतो, मात्र तो चाकाला घट्ट भिडलेला असावा. गाडीचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्यावर विसंबून अंगाचा कोणताही भाग गाडीखाली घालू नये. पोलादी स्टँड मिळाल्यास त्यावर गाडी टेकवावी. तो नसेल तर स्टेपनी आडवी करून दाराखालच्या कडेखाली सरकवून ठेवावी, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी तिच्यावर बसेल.

चाक जमिनीपासून चार बोटे उचलले की एक हात घड्याळातल्या बाराच्या जागी आणि दुसरा सहाच्या जागी धरावा, वरून ओढत खालून ढकलावे आणि लगेच उलट करावे. खटखट असा बारीक धक्का हाताला लागला तर चाकात खेळ, म्हणजे सैलपणा, आहे. तेवढ्यावरून बेअरिंगला दोष देऊ नये. घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि चाक पुन्हा हलवून पाहावे. ब्रेकमुळे डिस्क नकलशी (बेअरिंग ज्यात बसते त्या न फिरणाऱ्या लोखंडी भागाशी) जखडली जाते, त्यामुळे आता खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगमध्ये होता, आणि तसाच राहिला तर तो खालच्या बॉल जॉइंटमध्ये किंवा सस्पेन्शनच्या दुसऱ्या सांध्यात आहे. हात तीन आणि नऊच्या जागी धरल्यावरच खेळ लागत असेल, तर स्टिअरिंगच्या टाय रॉडचे टोक तपासून घ्यावे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. खेळ नाही म्हणजे बेअरिंग चांगले, असा समज गॅरेजांतही सर्रास आढळतो. आजच्या गाड्यांतली सीलबंद, दुहेरी ओळीच्या छर्‍यांची बेअरिंग हाताला तसूभरही न हलता महिनोन्‌महिने घरघरत राहू शकतात. त्यांना पकडण्याची माझी आवडती रीत स्प्रिंगची आहे. चाक उचललेले असताना एका हाताची बोटे पुढच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद टेकवावीत आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. चांगल्या बेअरिंगची स्प्रिंग मुकी राहते. खराब बेअरिंगची स्प्रिंग थरथरते आणि ती थरथर रव्याच्या पिशवीवरून बोट फिरवल्यासारखी हाताला लागते. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बोटे घालू नयेत, वरून टेकवावीत. डावे चाक झाले की लगेच उजवे करून पाहावे, कारण एका चाकावरून अंदाज बांधणे अवघड असते आणि दोघांतला फरक मात्र नवख्यालाही कळतो.

मागच्या चाकाला इंजिनाची जोड नसल्यामुळे ते मोकळे फिरते आणि त्याची खरखर नुसत्या कानानेही ऐकू येते. ड्रम ब्रेक असल्यास दर फेऱ्याला एकदा ‘शुक’ असा घासल्याचा आवाज येतो, तो ब्रेकच्या लायनिंगचा असतो आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही. पुढच्या चाकांत डिस्क आणि पॅड यांचे हलके घासणेही असेच. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालताना टकटक होत असेल तर ती ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाचा जोर पुढच्या चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटची, आणि ब्रेक हलका दाबताच बदलणारा आवाज ब्रेकचा. डिस्कमागच्या पातळ पत्र्यात अडकलेला एखादा खडासुद्धा भयंकर किंचाळतो; चाक काढल्यावर तो डोळ्यांना दिसतो आणि काडीने निघतो. इंजिन चालू करून उचललेले चाक गिअरमध्ये फिरवण्याचा प्रयोग मात्र घरी कदापि करू नये.

आणखी एक पडताळा उष्णतेचा. ब्रेक शक्य तितका कमी वापरत १५-२० किलोमीटर गाडी चालवून यावे आणि प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची पालथी बाजू न्यावी, लगेच टेकवू नये. एकच चाक इतरांपेक्षा ठळकपणे तापलेले असेल तर त्याचे बेअरिंग जात आहे किंवा त्याचा ब्रेक अडकतो आहे.

दोषी सापडले की तेवढेच बदलावे. बेअरिंग जोडीने बदलण्याचा नियम नाही. बाकीच्या तिघांनीही तेच पाणी प्यायले असल्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी स्प्रिंगवर हात ठेवून त्यांची विचारपूस करावी, एवढे पुरे. नुसती घरघर असेल तर गॅरेजपर्यंत गाडी सावकाश नेण्यास हरकत नाही. खेळ लागत असेल किंवा घरघरीची करकर झाली असेल, तर मात्र गाडी घाटात घालू नये. ती जागेवरच उभी करून मेकॅनिकला बोलवावे.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पंक्चर काढण्यासाठी मागच्या चाकाचे चारही नट काढले, तरी अलॉय चाक हबला चिकटूनच बसले. हातोडा मारायचा धीर झाला नाही. अशा वेळी काय करावे?
— एक वाचक भगिनी, मालवण

उत्तर : हातोडा मारला नाहीत हे उत्तम केलेत. अलॉयचे ॲल्युमिनियम आणि हबचे लोखंड खाऱ्या दमट हवेत एकमेकांना भिडून राहिले की त्यांच्यामधला गंज सिमेंटसारखा घट्ट होतो, आणि चाकाच्या मधल्या भोकाची हबवरची बैठक तर मुळातच घट्ट असते.

काढलेले नट आधी परत लावावेत आणि प्रत्येक नट दोन-तीन फेरे सैल राहू द्यावा, म्हणजे चाक सुटले तरी अंगावर येणार नाही. चाकाच्या मध्यभागाचे झाकण काढून हबच्या कडेने गंज सोडवणारे तेल सोडावे आणि अर्धा तास चहापाण्यात घालवावा. तेल ड्रमच्या आत किंवा डिस्कवर जाऊ देऊ नये. मग गाडी स्टँडवर भक्कम असल्याची खात्री करून चाकासमोर जमिनीवर बसावे आणि टाचेने टायरच्या रबरी बाजूवर दणका द्यावा. एकदा खालच्या डाव्या अंगाला, एकदा उजव्या अंगाला, चाक थोडे फिरवून पुन्हा तसेच. पाच-सहा दणक्यांत ‘टक’ असा आवाज येऊन ते सुटते. तरीही न सुटल्यास मागच्या बाजूने टायरवर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर हातोडा मारता येतो. अलॉयवर, ड्रमवर किंवा डिस्कवर थेट मारू नये. सैल नटांनी गाडी दोन हात पुढे नेऊन ब्रेक मारण्याची युक्ती रस्त्याकडेची मंडळी सांगतात. ती लागू पडते, पण नटांचे आटे आणि अलॉयची भोके तिच्यात दुखावतात, म्हणून मी ती सुचवत नाही. आगीची ज्योत दाखवण्याचा विचारही करू नये.

चाक निघाल्यावर खरे काम सुरू होते. तारेच्या ब्रशने हबचा मधला उंचवटा आणि चाकाच्या भोकाची आतली कडा चकचकीत होईपर्यंत घासावी आणि फक्त त्या उंचवट्यावर ग्रीसचा नखाएवढा पातळ हात फिरवावा. चाक जिथे हबला सपाट टेकते तो चेहरा आणि स्टडचे (नट ज्यांवर बसतात त्या खिळ्यांचे) आटे कोरडेच राहिले पाहिजेत. आट्यांना तेल लागले की तेवढ्याच जोरात नट प्रमाणापेक्षा जास्त आवळले जातात. आपल्या भागात दर वर्षी पावसाळ्याआधी एकदा चारही चाके काढून पुन्हा बसवणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

प्रश्न : चाकाचे नट घट्ट करताना पान्यावर उभे राहून एक उडी मारावी, असे मला शिकवले गेले आहे. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, आणि त्याचा हिशेबच मांडून दाखवतो. छोट्या गाड्यांच्या चाकाच्या नटांना साधारणपणे ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा पीळ लागतो; नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. ७० किलो वजनाचा माणूस ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी तो सुमारे २०० न्यूटन-मीटर पीळ देतो. उडीचे तर विचारूच नका. स्टड ताणला जातो, डिस्क वेडीवाकडी होऊन ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागते, आणि पुढचे पंक्चर रात्री रस्त्यात झाले तर तो नट घरच्या कोणालाही सुटत नाही.

सगळे नट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवावेत आणि निमुळती बाजू चाकाकडे आहे ना ते पाहावे. नट चार असतील तर समोरासमोरचे, पाच असतील तर एक सोडून एक अशा क्रमाने दोन टप्प्यांत आवळावेत. शेवटचा टप्पा गाडी जमिनीवर टेकल्यानंतर करावा. टॉर्क पाना, म्हणजे पीळ मोजून आवळणारा पाना, विकत घेणे परवडत असेल तर जरूर घ्यावा. नसेल तर गाडीसोबतच्या पान्याला हाताने, पाय जमिनीवर ठेवून, लावता येईल तेवढा जोर बहुतेकांच्या बाबतीत पुरतो. ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा नट पुन्हा तपासावेत, विशेषतः अलॉय चाकांचे.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये पुढचे उजवे बेअरिंग बदलून घेतले. त्याच संध्याकाळी एबीएसचा दिवा लागला. ‘सेन्सर जुना झाला असेल’ असे सांगून त्यांनी हात झटकले. आता तर आवाजही परत आला आहे. बेअरिंग नकली असेल का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : नकली असू शकते, पण दिवा त्याच संध्याकाळी लागला असल्यामुळे माझा पहिला संशय बसवणाऱ्या हातांवर आहे, मालावर नंतर.

अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडे बसवलेले असते आणि एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जखडू न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर चाकाचे फेरे त्या कड्यावरूनच मोजतो. हे कडे दिसायला साध्या काळ्या सीलसारखेच असते. बेअरिंग उलटे दाबले गेले की कडे सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते, चाक फिरत असूनही सेन्सरला ते थांबलेले वाटते आणि दिवा लागतो. जाणते मेकॅनिक बेअरिंग बसवण्यापूर्वी दोन्ही सीलांना कागदाची लोखंडी क्लिप लावून पाहतात. जिला क्लिप हलकेच चिकटते ती बाजू सेन्सरकडे. कडे बरोबर बाजूला असूनही दिवा लागला, तर काम करताना सेन्सरची वायर ताणली गेली का किंवा सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला का, ते पाहावे लागते.

आवाज चार महिन्यांत परत येण्याची कारणे वेगळी असतात. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे आणि मग त्यात हब दाबताना आतल्या कड्याला खालून आधार दिला पाहिजे. आधार चुकला की प्रेसचा (दाबून बसवणाऱ्या यंत्राचा) सगळा भार छर्‍यांमधून जातो आणि गुळगुळीत वाटेवर छर्‍यांच्या अंतरावर बारीक खळगे उमटतात. बेअरिंग जन्मतःच अधू होते. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगचे हेच होते, आणि म्हणूनच तपासणी घरी करा असे सांगणारा मी बदलण्याचे काम मात्र प्रेस असलेल्या गॅरेजवर सोपवा असे सांगतो. दुसरे कारण ड्राइव्ह शाफ्टच्या टोकावरच्या मोठ्या नटाचे. बेअरिंगची आतली दोन कडी एकमेकांना घट्ट धरून ठेवण्याचे काम हा नट करतो. त्याला लागणारा पीळ चाकाच्या नटांपेक्षा बराच अधिक असतो. तो कमी पडला तर नवे कोरे बेअरिंगही टिकत नाही. बऱ्याच गाड्यांत या नटाची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, असा नट दर वेळी नवाच वापरायचा असतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर वाद घालण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. बेअरिंगचा खोका आणि बिल कुठे आहे, ते प्रेसवर बसवले की ठोकून, आणि शाफ्टचा नट नवा घातला का व तो टॉर्क पान्याने आवळला का. उत्तरे कशी येतात यावरून पुढचे काम तिथेच द्यायचे की नाही हे आपले आपल्यालाच ठरवता येईल. तेच बेअरिंग काढून सुलटे करून पुन्हा बसवण्याची तयारी कोणी दाखवली तर नकार द्यावा, कारण काढताना आतले एक कडे सहसा हबवरच राहते आणि ओढण्याचा सगळा जोर छर्‍यांवर येतो. एकदा काढलेले असे बेअरिंग भंगारातच जाते.

प्रश्न : गळीत हंगामात आमची उसाची ट्रॉली रात्रंदिवस चालते. गेल्या वर्षी एका चाकाचे बेअरिंग वाटेतच जळाले. मेकॅनिकने नवे घालून नट ‘कच्चून’ आवळला, तर ते पंधरा दिवसांत पुन्हा गेले. नट किती आवळावा?
— एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : वर ज्या बेअरिंगांविषयी लिहिले त्यांचा नियम आपल्या ट्रॉलीला लागू नाही. तिथे नट जोरात आवळावा लागतो, इथे जोरात आवळला तर बेअरिंग मरते. ट्रॉलीच्या हबमध्ये निमुळत्या रोलरची दोन बेअरिंग समोरासमोर तोंड करून बसलेली असतात आणि त्यांच्यातली जागा नटाने जुळवायची असते. जागाच उरली नाही तर रोलर तापतात, ग्रीस वितळून वाहून जाते आणि पुढचे आपण पाहिलेच आहे.

काम रिकाम्या ट्रॉलीवर, हंगाम सुरू होण्यापूर्वी करावे. भरलेली ट्रॉली जॅकवर उचलू नये. हब काढल्यावर जुने ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने पूर्ण धुऊन बेअरिंग कपड्याने कोरडे करावे. हवेच्या पाइपने ते गरगर फिरवण्याचा मोह टाळावा, कारण रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतात. रोलरवर निळसर झाक आली असेल, खड्डे पडले असतील किंवा नखाला रेघ लागत असेल, तर कोन (रोलरसह आतला भाग) आणि कप (बाहेरचे कडे) दोन्ही बदलावेत. नवा कोन जुन्या कपात घालणे म्हणजे नव्याचेही आयुष्य कमी करणे होय.

ग्रीस भरण्याची रीत आहे. डाव्या तळहातावर लिथियम ग्रीसचा लाडूएवढा गोळा घ्यावा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात खरवडल्यासारखी दाबत राहावी. रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूने ग्रीसच्या शेवया निघाल्या की तो भाग भरला. मग बेअरिंग थोडे फिरवून पुढचा भाग घ्यावा. हब मात्र काठोकाठ भरू नये, अर्ध्याहून कमीच भरावे, कारण जादा ग्रीस घुसळून तापते आणि सीलमधून ब्रेकवर येते. सील नवेच घालावे.

आता नट. चाक एका हाताने फिरवत राहावे आणि दुसऱ्या हाताने नट आवळत जावे. चाक जड फिरू लागले की थांबावे. रोलर आपापल्या जागी बसले. मग नट मागे घ्यावा, फार तर पाव फेरा, म्हणजे चाक मोकळे फिरेल आणि नट फिरू नये म्हणून घालायच्या पिनचे भोक नटाच्या खाचेसमोर येईल. चाक वर-खाली धरून हलवल्यास अगदी पुसटसा खेळ जाणवला पाहिजे. तो दोष नव्हे, तापल्यावर पसरण्यासाठी ठेवलेली जागा आहे. पिन नवी घालून तिची टोके दुमडावीत. पहिली भरलेली खेप कारखान्यावर उतरली की रांगेतच प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहावा. हाताला सोसवेल इतके ऊबदार असेल तर ठीक आहे. चटका बसत असेल तर ब्रेक अडकत नाही ना ते पाहून, ट्रॉली रिकामी झाल्यावर नट आणखी एक खाच सैल करावा.